२६ जुलैचे दोन हुकूम

जबलपूरसारख्या छावणीच्या शहरात २६ जुलै म्हटलं की कारगिल विजय दिवसच आठवतो. पण याच तारखेला निघालेल्या दोन सरकारी हुकुमांनी समाज बदलला. एक निघाला कोल्हापुरात, १९०२ साली. दुसरा वॉशिंग्टनमध्ये, १९४८ साली.

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनात ७१ अधिकारी होते, त्यांतले ६० ब्राह्मण. १९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेलेले असताना इकडे गॅझेटात हुकूम छापून आला : यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागास वर्गांना द्याव्यात.

हे ५० टक्के सगळ्यांना पाठ आहेत. त्याखालच्या दोन ओळी मात्र फारशा कोणी वाचत नाही. ज्या कचेरीत मागास वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने नव्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवावा. फौजेत आम्ही याला ‘रिटर्न’ म्हणतो. वरून हिशेब मागितला जाणार हे माहीत असलं, की खालचा माणूस हुकूम फायलीत दाबून ठेवत नाही.

पण जागा भरायला शिकलेली मुलंही हवीत. त्याची सोय महाराजांनी आधीच सुरू केली होती. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं निघाली. पुढे मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मुलांसाठीही निघाली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! १९१२ पर्यंत अधिकाऱ्यांच्या ९५ जागांपैकी ६० ब्राह्मणेतरांकडे होत्या.

आता वॉशिंग्टन. अमेरिकेच्या फौजेत काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सर्वांना समान वागणूक आणि समान संधी देण्याचा हुकूम काढला, आणि त्याच हुकुमात देखरेखीसाठी सात जणांची समिती नेमली. लष्कराने बरीच चालढकल केली. समितीने पाठ सोडली नाही. काळ्यांच्या भरतीवरची दहा टक्क्यांची मर्यादा १९५० मध्ये उठली. मग कोरियाच्या युद्धात माणसं कमी पडू लागली आणि गोरे-काळे एकाच तुकडीत लढू लागले. १९५४ मध्ये शेवटची वेगळी पलटण मोडली.

कोल्हापुरात राजा होता, अमेरिकेत निवडून आलेला अध्यक्ष. दोघांनीही अंमलबजावणी तपासण्याची व्यवस्था हुकुमातच लिहून ठेवली. आज आपल्याकडे राखीव जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा पडतो. तुम्ही महाराष्ट्रात असा, मध्य प्रदेशात की कर्नाटकात, नव्या योजनेची घोषणा ऐकली की आकड्याच्या पुढचंही विचारा : दर तीन महिन्यांनी हिशेब कोण मागणार, आणि तो दिला नाही तर काय होणार?