हिमोफिलिया आणि हिपॅटायटिस एची लस
हिपॅटायटिस ए हा मुख्यतः दूषित पाणी व अन्नातून पसरणारा यकृतदाह. रक्तातून तो क्वचितच पसरतो. तरीही हिमोफिलियासारख्या रक्तस्रावी विकारांत त्याची लस आवश्यकच मानली पाहिजे. हिमोफिलियाच्या उपचारात दिला जाणारा, रक्तद्रवापासून बनवलेला फॅक्टर ८ हा रक्त गोठवणारा घटक निर्धोक करण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात विद्रावक व अपमार्जक वापरले जाऊ लागले. मेदाचे आवरण असलेले एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू त्यांनी नष्ट होतात. हिपॅटायटिस एच्या विषाणूला असे आवरणच नसल्याने तो तगून राहतो. १९९० च्या सुमारास इटली, जर्मनी, आयर्लंड व बेल्जियममधील हिमोफिलिया रुग्णांत आलेल्या साथींनी हे उघड केले.

आता प्रयोगशाळेत तयार केलेला फॅक्टर मिळतो, मग लस कशाला, हा आक्षेप अपुरा आहे. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच तयार करते. यकृत निकामी झाले तर आधीच्या उणिवेत नवी भर पडते. जुना हिपॅटायटिस सी असल्यास धोका आणखी वाढतो. भारतात अनेकांना बालपणीच नकळत संसर्ग होऊन कायमची प्रतिकारशक्ती येते, हे खरे. पण स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या मुलांत ती गृहीत धरता येत नाही. आयजीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी त्याचा निर्वाळा देते. स्नायूत सुई टोचल्याने रक्त साकळेल ही भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय आहेत. त्वचेखाली दिलेली लसही हिमोफिलियाच्या रुग्णांत चांगले प्रतिपिंड निर्माण करते. स्नायूतच द्यायची तर फॅक्टर घेतल्यावर लवकर, २३ गेज किंवा त्याहून बारीक सुईने द्यावी आणि जागा न चोळता किमान २ मिनिटे घट्ट दाबून धरावी. निष्क्रिय लशीच्या दोन मात्रांत किमान ६ महिन्यांचे अंतर ठेवतात.