स्मृतीचा ताळा



या स्मृतिव्याख्यानासाठी संगणकाच्या स्मृतीची परीक्षा कशी होत आली, हा विषय मी सुचवला तेव्हा संयोजकांना थोडे नवल वाटले. मी मराठीचा अध्यापक. यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. परंतु जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला एक प्रश्न कायम छळत असतो. जे जपून ठेवले ते जसेच्या तसे परत हाती आले, हे कशावरून ओळखावे? लेखकांच्या हातून ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच प्रश्नापोटी. विसाव्या शतकातील अभियंत्यांपुढे हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेगवान गणनयंत्रे बांधण्याची कला अवगत झाली होती. अडत होते ते स्मृतीपाशी. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी ऋणकिरण नळीच्या पडद्यावर विद्युत्भाराचे ठिपके उमटवून त्यांतून ० आणि १ साठवण्याची युक्ती काढली. हे ठिपके क्षणार्धात विरून जात. म्हणून ते विरण्यापूर्वीच वाचून पुन्हा गिरवावे लागत. १९४७ च्या अखेरीस एका नळीवर २०४८ अंक तासन्‌तास टिकू लागले. तथापि शांतपणे टिकणे वेगळे आणि यंत्राच्या वेगाने सतत लिहिले-वाचले जात असता टिकणे वेगळे. मग या स्मृतीची परीक्षा घ्यायची कशी? त्यांनी उत्तर शोधले ते असे, की तिच्याभोवती एक लहानसा संगणकच बांधावा.

हाच तो ‘बेबी’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेला संगणक. त्याची स्मृती अवघी ३२ शब्दांची, प्रत्येक शब्द ३२ अंकांचा. २१ जून १९४८ रोजी त्यावर पहिली आज्ञावली यशस्वीपणे चालली. स्वतःच्या विद्युत्स्मृतीत साठवलेली आज्ञावली चालवणारा जगातील पहिला संगणक म्हणून इतिहास त्याला मान देतो. परंतु तो जन्मला परीक्षक म्हणून, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

त्याला घातलेले गणितही मार्मिक होते. एखाद्या संख्येचा, ती संख्या सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायचा. त्यासाठी संख्येहून एकाने लहान अंकापासून खाली उतरत एकेक अंकाने भागून पाहायचे, आणि भागाकारही वारंवार वजाबाकी करूनच साधायचा. पहिल्या यशानंतर काही दिवसांतच २ चा अठरावा घात, म्हणजे २,६२,१४४ ही संख्या यंत्राला देण्यात आली. उत्तर १,३१,०७२ हे शाळकरी मुलालाही तोंडी सांगता आले असते. यंत्राने ५२ मिनिटे राबून, सुमारे पस्तीस लक्ष क्रिया करून तेच सांगितले. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे ते यंत्राला विचारायचे कशाला? कारण परीक्षकाला उत्तर ठाऊक असावेच लागते. पस्तीस लक्ष पावलांत एकही ठिपका दगा देता तर उत्तर बहुधा चुकले असते किंवा आलेच नसते.

अटलांटिकपलीकडेही हाच प्रकार घडला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील ‘व्हर्लविंड’ संगणकाच्या स्मृतिनळ्या महागड्या होत्या आणि वारंवार बिघडत. जे फॉरेस्टर यांनी त्यांच्या जागी चुंबकीय कड्यांची स्मृती योजली. पण हवाई संरक्षणाच्या कामी लागणाऱ्या यंत्रात ती न पारखता कशी बसवावी? केन ओल्सन यांच्या देखरेखीखाली केवळ तिची पारख करण्यासाठी एक स्वतंत्र संगणक उभारला गेला. ‘स्मृतिपरीक्षक संगणक’ हेच त्याचे नाव. त्या कसोटीला उतरल्यावर १९५३ मध्ये कड्यांची स्मृती व्हर्लविंडमध्ये आली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यातही अशाच कड्यांची स्मृती होती : ४० अंकांचे २०४८ शब्द. या स्मृतीचा एक चमत्कारिक गुण असा, की वाचताक्षणी कड्यातील मजकूर पुसला जाई आणि तो लगेच पुन्हा लिहावा लागे.

कड्यांची जागा सिलिकॉनच्या चिपेने घेतली आणि परीक्षेचे शास्त्रच बदलले. एखादे घर कायमचे ० वर किंवा १ वर अडकून बसते. एखादे शेजारच्या घरात लिहिले की आपला अंक बदलते. कधी पत्ताच चुकतो आणि एका घराचे टपाल दुसऱ्या घरी पडते. एक घर बदलावे आणि उरलेली सर्व तपासावीत, असे प्रत्येक घरासाठी करणे ही कसून परीक्षा खरी. पण तिला लागणारा वेळ घरांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला एक कोटी तपासण्या धरल्या, तर १०२४ घरांना सेकंदाचा दहावा भाग पुरतो. दहा लाखांवर घरांच्या चिपेला तीस तास लागतात.

म्हणून ‘मार्च’ म्हणजे संचलन या नावाच्या चाचण्या पुढे आल्या. पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत चालत जावे, प्रत्येक ठिकाणी अपेक्षित अंक आहे ना ते वाचावे आणि त्याच्या उलट अंक लिहावा. मग शेवटून पहिल्याकडे तसेच यावे. उलट का यायचे? एका दिशेने जाताना झाकला जाणारा शेजाऱ्याचा दोष दुसऱ्या दिशेने येताना उघडा पडतो. अशा एका प्रचलित चाचणीत दर घरामागे अवघ्या दहा क्रिया होतात. तीस तासांचे काम सेकंदाभरावर येते. आपल्या वैदिकांनी संहितेचे रक्षण क्रम, जटा, घन अशा पाठांनी केले. तेथेही शब्द पुढे-मागे फिरवून म्हणावे लागतात. पाढा उलटा म्हणायला लावणारे गुरुजीही हेच जाणत होते. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मला मुळीच म्हणायचे नाही. गरज एक असली की वाटाही जवळ येतात.

परंतु परीक्षेत उत्तीर्ण झालेली स्मृतीही पुढे चुकू शकते. १९७८ मध्ये इंटेल कंपनीतील मे आणि वुड्स या संशोधकांनी दाखवून दिले, की चिपेच्या वेष्टनातील किरणोत्सारी द्रव्याच्या लेशमात्र अंशातून निघालेला अल्फा कण एखादा अंक उलटवू शकतो. घर निर्दोष असते. पुन्हा तपासले तर काहीच सापडत नाही. अशा दोषावर उपाय एकच, सतत ताळा पाहणे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांचे यंत्र सुट्टीच्या दिवशी एकटेच चाले आणि चूक आढळली की ते काम सोडून देई. चूक झाली हे ज्या यंत्राला कळते, त्याला ती कोठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून त्यांनी १९५० मध्ये आपली संकेतपद्धती प्रसिद्ध केली. चार अंकांसोबत तीन ताळ्याचे अंक ठेवायचे. कोणकोणते ताळे जुळत नाहीत यावरून चुकलेल्या एका अंकाची जागा कळते आणि तो दुरुस्त होतो.

याचे मोल एका उदाहरणावरून समजेल. १८ मे २००३ च्या बेल्जियममधील निवडणुकीत शारबेक येथे एका उमेदवाराला मिळू शकतील त्याहून अधिक मते यंत्राने दाखवली. फेरमोजणीत फरक निघाला नेमका ४०९६, म्हणजे २ चा बारावा घात. यंत्रात कायमचा दोष सापडला नाही. स्मृतीतील एकच अंक आपोआप उलटला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष. आकडा अशक्य होता म्हणून चूक उघडकीस आली. तोच अंक लहान स्थानाचा असता, फरक चार-आठ मतांचा असता, तर कोणाच्या लक्षात आले असते?

सज्जनहो, स्मृतीचा खरा धोका विसरण्यात नाही. जे विसरले त्याची उणीव निदान जाणवते. धोका आहे तो चुकीचे आठवून तेच ठामपणे सांगण्यात. दोषी घर कधी गप्प राहत नाही. विचारले की तत्काळ, न अडखळता, चुकीचा अंक देते. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी समाजाचा पुष्कळसा इतिहास घरोघरच्या आठवणींतच आहे. त्या लिहून काढा, असे आपण एकमेकांना नेहमी सांगतो. मी एवढीच भर घालतो, की त्या पडताळूनही पाहा : दोन घरच्या आठवणी शेजारी मांडून, दप्तराशी ताडून, आणि पाढ्याप्रमाणे एकदा उलट्याही म्हणून. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्या गुरुजींच्या वर्गात बरोबर उत्तरालाही ताळा दाखवल्याखेरीज पूर्ण गुण मिळत नसत. तेव्हा तो जाच वाटे. आज त्यांची आठवण सांगतानाही मी दोन वर्गमित्रांना विचारून ती खात्री करून घेतली आहे.