टॉवेलाच्या दशा

दुकानाच्या पाटीवर ‘मॅक्रम’, बिलावर ‘मॅक्रोन’ आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी ‘ती झुल्याची चकचकीत दोरी’. दाराचं तोरण, कुंडी टांगायचं जाळं, रुखवतातलं झुंबर, बाळाचा झुला, भिंतीवरची झालर हे सगळं ज्या गाठकामातून निघतं, त्याचं पुस्तकी नाव मॅक्रमे. सुई नको, हूक नको, यंत्र नको. एक काठी, दोरीचं एक रीळ आणि दोन हात एवढ्यावर भागतं. स्वस्तात घर सजवायच्या कलांमध्ये याहून कमी सामानात होणारी फक्त रांगोळी, आणि ती दुसऱ्या दिवशी पुसली जाते.

हे नाव ना गाठीचं आहे, ना दोरीचं. ते टॉवेलाचं आहे. हा धागा हाती लागल्यापासून मी भिंतीवरच्या झालरीकडे नुसती झालर म्हणून बघू शकत नाही.

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, जेनोआच्या पूर्वेला, कियावरी नावाचं गाव आहे. हल्ली मंगल कार्यालयांत सोनेरी, सडपातळ पाठीच्या खुर्च्या मांडतात त्या ‘कियावरी’ खुर्च्या मूळच्या इथल्याच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या देस्काल्झी नावाच्या कारागिराने त्या घडवल्या. या गावाची दुसरी ख्याती टॉवेलांची. लिननचा टॉवेल विणायचा, दोन्ही टोकांना लांब सुतं मोकळी सोडायची आणि ती सुतं बोटांनी गाठवून त्यांची जाळी करायची. अशा टॉवेलाला जेनोआच्या बोलीत ‘माक्रामे’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात ते दक्षिण अमेरिका आणि कॅलिफोर्नियापर्यंत जात. म्हणजे आधी नाव टॉवेलाचं होतं, मग टॉवेलाच्या टोकाचं झालं आणि शेवटी टोकाला जे करतात त्या कामाचं.

मराठी माणसाला ही सुतं काही नवी नाहीत. मागावरून कापड कापलं की ताण्याचे धागे दोन्हीकडे लोंबत राहतात. त्या दशा. उपरण्याला असतात, पंचाला असतात, साडीच्या पदराला असतात. पदराच्या दशा पिळून त्यांचे गोंडे बांधणारे हात अजूनही आहेत. बीजेच्या चंद्राला वस्त्रातली दशी ओढून वाहायची, जुनं घे आणि नवं दे म्हणायचं, ही रीतही पुष्कळांना आठवत असेल. दशा ही विणकराची हौस नव्हे. ताण्याचा शेवटचा तुकडा मागावर विणताच येत नाही, म्हणून तो उरतो. तो तसाच सोडला तर बाणा सुटत जातो आणि कापड कडेपासून विसकटतं. म्हणून गाठ मारायची. गाठ मारायचीच आहे तर जरा नीट मारू, असं कुणाला तरी वाटलं. सगळ्या मॅक्रमेचा उगम एवढाच आहे, असं माझं मत आहे.

आता शब्दाकडे वळू, कारण खरी भांडणं तिथे आहेत.

हस्तकलेच्या पुस्तकांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरवलं जातं: हा शब्द अरबी ‘मिग्रामा’वरून आला आणि त्याचा अर्थ ‘झालर’. हे मला उलटीकडून रचलेलं वाटतं. आज मॅक्रमे म्हणजे झालर, तेव्हा मूळ शब्दाचाही अर्थ झालरच असणार, असा तो हिशेब आहे. अरबीत ‘मिक्रमा’ म्हणजे पलंगपोस, अंगावर किंवा अंथरुणावर घ्यायचं वस्त्र. त्याच धातूतला ‘किराम’ म्हणजे नक्षीचा पातळ पडदा. दोन्ही अख्खी वस्त्रं आहेत, कडा नव्हेत. तुर्कीत हा शब्द ‘मक्रमा’ झाला आणि पलंगावरून उतरून हातात आला. रुमाल, हातपुसणं, टॉवेल असा त्याचा अर्थ झाला. जेनोआने तो तिथून उचलला.

पण तुर्कीत याच अर्थाचा ‘महरमा’ असाही शब्द आहे आणि दुसरा पक्ष त्याच्या बाजूने उभा आहे. अरबीत ‘महरमा’ म्हणजे रुमाल. तो ‘ह-र-म’ या धातूचा. आपल्या ओळखीचे ‘हराम’ आणि ‘मोहरम’ हे त्याच घराण्यातले. राखलेलं, निषिद्ध, झाकलेलं असा त्यातला भाव. हे खरं धरलं तर आपल्या बैठकीच्या खोलीतली दोऱ्यांची नक्षी मोहरमची चुलत बहीण ठरते. मोह पडावा अशीच ही कल्पना आहे. मलाही पडला होता.

तरी मी पहिल्या पक्षाचा, आणि कारण बाल्कनमध्ये सापडतं. तुर्की ‘महरमा’ तिथे गेली तेव्हा तिचा ‘ह’ वाटेत गळाला. सर्बियनमध्ये डोक्याच्या रुमालाला ‘मारामा’ म्हणतात, रुमानियनमध्ये बायकांच्या पातळ ओढणीला जवळजवळ तेच. जेनोआच्या बोलीला तरी ‘ह’ कुठे पेलतो? तिथे ‘महरमा’ पोचली असती तर तिचीही ‘मारामा’च झाली असती. तिथे उभा आहे तो खणखणीत ‘क’. घशातल्या अरबी ‘क’चा इटालियन ‘क’ होणं सरळ आहे, नसलेल्या ‘ह’चा ‘क’ होणं अवघड. तेव्हा पलंगपोस जिंकला, मोहरम हरला. कुणी म्हणेल की तुर्कीतच दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले होते. मिसळले असतीलही. जेनोआच्या कानावर पडला तो मात्र ‘क’वाला होता.

पोचला कसा, यावर दुसरा वाद. रूढ कथा अशी की तेराव्या शतकातले अरब विणकर हे काम करत, ते मूर लोकांबरोबर स्पेनमध्ये गेलं आणि तिथून युरोपभर पसरलं. ही कथा इतकी गोळीबंद आहे की मला तिचाच संशय येतो. स्पेनमध्ये अरबीतून गेलेले घरगुती शब्द बहुधा ‘अल’ हे उपपद गळ्यात घालूनच फिरतात: उशीला ‘अल्मोआदा’, गालिच्याला ‘अल्फोंब्रा’. मॅक्रमेच्या गळ्यात ते नाही. शिवाय स्पॅनिश शालींच्या लांबलचक गाठीव झालरी जगप्रसिद्ध आहेत, पण त्यांना शब्द आहे ‘फ्लेको’, आणि तो लॅटिन. काम होतं, नाव निराळं होतं.

जेनोआला स्पेनच्या मध्यस्थीची गरजही नव्हती. कॉन्स्टँटिनोपलच्या समोर, खाडीपलीकडे, गलाता ही जेनोआच्या व्यापाऱ्यांची वसाहतच होती. १४५३ साली तुर्कांनी शहर घेतलं तोवर ती त्यांच्या ताब्यात होती. खिओस बेट तर १५६६ पर्यंत त्यांच्याकडे राहिलं. तुर्की हमामातलं अंग पुसायचं वस्त्र आणि त्याचं नाव गाठोड्यात बांधून आणायला त्यांना कुणाला विचारायचं होतं?

इथे एक तिसरा गडी उभा राहतो आणि तो दमदार आहे. इटलीत सोळाव्या शतकातच ‘पुंतो आ ग्रोप्पो’ म्हणजे गाठीचा टाका या नावाचं काम चालत होतं. मग तुर्कांकडून घेतलं काय? माझं उत्तर: नाव आणि टॉवेल. गाठी कुणाच्याच मालकीच्या नसतात. मॅक्रमेची मुख्य चौकोनी गाठ म्हणजे रोमन लोकांची हर्क्युलिसची गाठ. तिने बांधलेली जखम लवकर भरते असं प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात नोंदवलंय, आणि रोमन नवरीचा कमरपट्टा याच गाठीने बांधत. आपल्याकडे तिला निरगाठ म्हणून मोकळे होतो.

पण एक तारीख माझ्या जेनोआच्या लाडक्या सिद्धान्ताला खुपते. जेनोआत सतराव्या शतकात उभारलेलं ‘आल्बेर्गो देइ पोवेरी’ नावाचं अवाढव्य अनाथ-गरीबगृह आहे. लेसचा इतिहास लिहिणाऱ्या पॅलिसरबाई सांगतात की १८४३ साली द’आस्ती नावाच्या एका सरदारपत्नीने या कामाचा एक नमुना तिथे आणला, आणि आणला तो रोमहून. गरीबगृहातल्या मारी पिकेत्ती नावाच्या मुलीने तो नमुना चिकाटीने गाठ-गाठ सोडवून पाहिला. नक्षी कशी पडते हे तिने उलट्या दिशेने शोधलं. जेनोआत ही कला तुर्कांच्या काळापासून अखंड चालू असती तर रोमहून नमुना आणून उसवायची वेळ का यावी? माझी समजूत अशी की साध्या गाठींची जाळी जेनोआच्या किनाऱ्यावर चालूच होती, बारीक भूमितीची नक्षी मात्र रोमकडच्या जुन्या कामातून आली. नाव तुर्की, कपडा जेनोआचा, नक्षी पिकेत्तीची. तिच्याबद्दल याहून जास्त काही वाचायला मिळत नाही याचं मला राहून राहून वाईट वाटतं. या सगळ्या कथेत नाव राहिलेली, स्वतःच्या हातांनी गाठ सोडवणारी ती एकटीच. श्रीमंतांच्या टॉवेलांना झालरी घालणाऱ्या बाकीच्या मुलींची नावं कुणी टिपली नाहीत.

यानंतर टॉवेल गळून पडतो, आणि हा टप्पा मला सगळ्यांत मोठा वाटतो. व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रज बायकांनी ही झालर कापडापासून तोडली. जड उशीवर टाचण्या टोचायच्या, त्यांना दोरा ताणायचा, त्यावर नवे दोरे अडकवायचे आणि झालर वेगळी करून शेगडीवरच्या फळीला किंवा पडद्याला शिवायची. आज आपण काठीवर दोरी दुहेरी करून जी पहिली गाठ मारतो, तिचं काम तेच. जनावराचं दावं खुंट्याला अडकवतात तीच ही गाठ. काठी म्हणजे टॉवेलाची कड, टॉवेलाशिवाय. कियावरीत धागा कापडातूनच येतो, त्यामुळे ही गाठ तिथे लागतच नाही.

खलाशीही रिकाम्या वेळी हेच करत. घंटेचे दोर, बाटल्यांची वेष्टणं, पेट्यांच्या मुठी असलं बरंच काही. इंग्रज खलाशांमध्ये या कामाला ‘मॅकनमाराची लेस’ असंही नाव पडलं होतं. परका शब्द न पेलून ओळखीच्या आडनावात बसवलेला दिसतो. आपल्या ‘मॅक्रोन’ला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पुढे १९६७ साली व्हर्जिनिया हार्वे यांचं मॅक्रमेवरचं पुस्तक अमेरिकेत आलं, सत्तरच्या दशकात घरोघरी कुंड्या लोंबू लागल्या, मग लाट ओसरली आणि गेल्या दशकात पुन्हा आली.

गळून पडलेल्या टॉवेलाचीही एक शाखा आपल्या दारात आहे. मँचेस्टरजवळ कारखाना असलेल्या क्रिस्टी घराण्यातल्या हेन्री क्रिस्टीने तुर्कस्तानात लूपदार, मऊ टॉवेल पाहिले. कारखान्यातल्या सॅम्युएल होल्टने ते यंत्रावर विणायची युक्ती काढली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते मांडले गेले. म्हणून आपण अजून ‘टर्किश टॉवेल’ म्हणतो, आणि भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापूरचा टॉवेल त्याच जातीचा. हमामातल्या वस्त्रांचं अंग मँचेस्टरमार्गे सोलापूरला आलं आणि दशा जेनोआ, लंडन, अमेरिका असा वळसा घालून ‘मॅक्रोन’ म्हणून आल्या. एकाच कपाटात दोघे बसतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे शिंकं नव्हतं का? होतं, आणि फार जुनं. अथर्ववेदाच्या नवव्या कांडात घरावर सूक्त आहे. त्यात घराच्या आत बांधलेल्या शिक्यांचा उल्लेख येतो, आणि ती घर रमणीय व्हावं म्हणून बांधली असा अर्थ लावता येतो. दही-लोण्यासाठी टांगायच्या वस्तूला शोभेचीही वस्तू मानलेलं पाहून मला घर सजवणाऱ्यांची वंशावळ वेदापर्यंत नेण्याचा मोह झाला नाही असं नाही. पण शिंकं मॅक्रमेची आई नव्हे. शिंकं वरच्या आढ्यापासून सुरू होतं, भार पेलतं आणि मांजराला चुकवतं. मॅक्रमे कापडाच्या कडेपासून सुरू झालं आणि त्याला पेलायला काहीच नव्हतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कुंडी टांगायचं ठरलं तेव्हा झालरीच्या गाठींना पहिल्यांदा शिंक्याचं काम करावं लागलं. माहेर टॉवेलाकडचं, सासर शिंक्याकडचं.

करून बघायचं असेल तर बोहारणीला द्यायला काढलेली सुती साडी फाडून बोटभर रुंदीच्या पट्ट्या पिळल्या तरी चालतात. झालर जेवढी लांब हवी त्याच्या चौपट लांबीचा धागा, आणि तो काठीवर दुहेरी करायचा म्हणून आठपट. हा हिशेब सुरुवातीला उधळपट्टीचा वाटतो, पण गाठी फार धागा खातात. मात्र साडीच्या पट्ट्यांची कलाकृती भिंतीवरच ठेवावी. कुंडीला सूत लावलं तर रोजच्या पाण्याने ते कुजतं आणि एके दिवशी तुळस खाली येते. तिथे ती झुल्याची चकचकीत दोरीच बरी.