नवे नाव देण्याआधी

बारा वर्षांपूर्वी भिवंडीच्या एका गोदामात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मी हातमोजे घालून उघडला. यकृतावर वाटाण्याएवढ्या दोन पांढऱ्या गाठी होत्या. एक फोडली, तर आतून घडी घालून ठेवलेली फीत निघाली. पुढे डोके, डोक्यावर आकड्यांच्या दोन रांगा, मागे खाचाखाचांचे अंग आणि शेवटी इवलीशी पिशवी. हा पट्टकृमी, एवढे मला कळत होते. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते जुन्या ग्रंथांतून आणि रद्दीत मिळालेल्या नियतकालिकांतून. माझ्याजवळच्या पुस्तकांत हे चित्र नव्हते, म्हणून मी ही जाती नवी ठरवली आणि मनातल्या मनात तिला भिवंडीचे नावही दिले.

मुंबईतल्या एका प्राध्यापकांनी भिंगातून पाहिले आणि हसून म्हणाले, "अहो, हा मांजराचा कृमी. याला नाव मिळून सव्वादोनशे वर्षे झाली."

त्या दिवशी झालेली फजिती मला पुढे फार उपयोगी पडली. एखादी जाती 'नवी' कशी ठरते, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो आहे.

या कृमीला १७८६ साली बाट्श या जर्मन शास्त्रज्ञाने नाव दिले. ते आज 'हायडॅटिजेरा टीनिइफॉर्मिस' असे लिहितात. पण त्या काळी उंदराच्या यकृतातली गाठ हा वेगळाच प्राणी मानला जाई आणि त्याला वेगळे नाव होते. १८५०च्या सुमारास क्यूखेनमायस्टर या जर्मन डॉक्टरने अशा गाठी प्राण्यांना खाऊ घालून पाहिल्या. उंदराच्या गाठीतला कृमी मांजराच्या आतड्यात वाढून पूर्ण होतो, हे त्यातून कळले. मांजराच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती उंदराच्या पोटात जातात, उंदीर मांजराच्या तोंडी जातो आणि फेरा पुरा होतो. प्राणी एक आणि नावे दोन, असा तो घोळ होता.

पुढे घोळ उलट्या दिशेने निघाला. उत्तरेकडच्या थंड मुलखांत व्होल नावाचा आखूड शेपटीचा, उंदरासारखा प्राणी असतो. आपल्या सह्याद्रीत तो नाही. भारतात तो भेटतो हिमालयात. युरोपातल्या रानटी व्होलच्या यकृतातही अशाच गाठी मिळत, आणि त्यांनाही बाट्शचेच नाव लावले जाई. लाविकाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे नमुने गोळा करून त्यांचा डीएनए ताडून पाहिला. घरच्या उंदरांतला कृमी एक आणि व्होल व रानउंदरांतला दुसरा निघाला. २०१६ साली त्या दुसऱ्याला 'हायडॅटिजेरा कामियाई' हे नाव मिळाले. इटलीतला तिसराही वेगळा दिसला, पण पुरेसा पुरावा हाती नसल्याने त्याला त्यांनी नाव दिले नाही. मला या निबंधातला हा संयम सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही या विद्येची परंपरा आहे. नागपूरला मोघे यांनी १९२५ साली कबुतरांच्या कुळातल्या पक्ष्यांतील दोन नव्या जातींचे वर्णन केले. १९३० साली साउथवेलचे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'मधले पट्टकृमींचे दोन खंड आले. नंतर औरंगाबादला जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पक्षी, मासे तपासून जातींमागून जाती नोंदवल्या. शिंदे आणि जाधव यांनी १९८०मध्ये वाम माशातल्या एका कृमीला गोदावरीचे नाव दिले. कमी साधनांत केलेले हे कष्ट थोडेथोडके नव्हते.

पण देशभर नावे भराभर वाढली. मागूर या एका माशातल्या, अंगाचे तुकडे न पडणाऱ्या पट्टकृमींची नावे ५९ झाली होती. ॲश, शोल्झ, ओरोस आणि कर यांनी भारत, इंडोनेशिया, थायलंडमधले ताजे व संग्रहातले नमुने तपासून २०११ साली निष्कर्ष काढला, की खऱ्या जाती ८.

असे का व्हावे? कृमी मऊ असतो. मेलेल्या माशातून उशिरा काढला तर तो सैल पडतो, काचेखाली दाबला तर रुंदावतो. त्या मापांवरून नवी जाती लिहिली आणि मूळ नमुना जपला नाही, तर पुढचा अभ्यासक ताडणार कशाशी? नव्या जातीचा आधारनमुना ठरवणे आणि तो कोणत्या संग्रहात आहे हे सांगणे आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक झाले ते १९९९नंतरच्या नावांसाठी. आधीच्यांना दोष देताना एवढे ध्यानात ठेवावे.

आणि माझे काय? माझा नमुना मी फॉर्मॅलिनमध्ये बुडवला. रूप टिकले, पण डीएनए बिघडला. कृमी मांजराचा, हे प्राध्यापकांनी आकड्यांवरून सांगितले. पण २०१६ने उभा केलेला प्रश्न, म्हणजे या जवळजवळच्या जातींपैकी नेमकी कोणती, मला त्या बाटलीला विचारता येत नाही. दुसरी गाठ तरी शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायला हवी होती.

भिवंडीभोवतीची भातशेती माझ्या डोळ्यांदेखत गोदामांखाली गेली. बांधावरचा उंदीर आणि गोदामातला उंदीर यांच्या पोटात एकच कृमी होता का, हे आता काही शेतांपुरते तरी कधीच कळणार नाही. म्हणून हौशी मित्रांना एवढेच सांगतो. नावाची घाई नको. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवा आणि चिठ्ठीवर गाव, तारीख, यजमान प्राणी लिहा. नाव पन्नास वर्षांनी कोणीही देईल, पण न जपलेला नमुना कोणालाच मिळणार नाही.