पात्रता-पडताळणी, शासकीय आरोग्य योजनांची (जुन्नर व आंबेगाव)

सरकारी खर्चाने रुग्णालयीन उपचार मिळण्यास रुग्ण पात्र आहे की नाही, हे कागदपत्रांवरून ठरविण्याची प्रक्रिया. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील या दोन तालुक्यांत ती मुख्यतः महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व केंद्राची आयुष्मान भारत योजना यांच्यासाठी होते. लोक मात्र अजूनही ‘जीवनदायी’च म्हणतात. ते नाव १९९७ च्या राज्य योजनेचे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत पुणे नव्हते; २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. फुले यांचे नाव २०१७ मध्ये आले.

पहिली दहा-अकरा वर्षे कसोटी होती शिधापत्रिकेचा रंग. पिवळी, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा चालत, पांढरी बाद. (शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सूट होती, पुणे त्यांत नाही.) हे रंग १९९९ मध्ये धान्यवाटपासाठी ठरले : १५ हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्नास पिवळी, एक लाखापर्यंत केशरी. शस्त्रक्रिया फुकट व्हायची की नाही, याचा निकाल असा तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत आधीच लागलेला असे. नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात रंगावरून वाद होत. पश्चिमेच्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांत अडचण निराळी. तिथे रंगाचा प्रश्न नंतरचा, आधी कार्डच नसे. असले तरी सुनेचे नाव माहेरच्या कार्डावर, लेकराचे कुठेच नाही आणि विभक्त झालेला मुलगा अजून बापाच्या कार्डात. आयुष्मान भारत (२०१८) २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवर उभी राहिली. त्या यादीतून सुटलेल्या कुटुंबाला नुसता अर्ज करून आत येता येत नव्हते.

२८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने ही चौकट मोडली. १ जुलै २०२४ पासून कोणत्याही रंगाची शिधापत्रिका चालते, ती नसेल तर अधिवास प्रमाणपत्र. शासकीय आश्रमशाळांतील विद्यार्थीही पात्र ठरतात. मर्यादा दर कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपये; २०२४ मध्ये उपचार १,३५६ होते. तेव्हापासून ‘तू गरीब आहेस का?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘तू तूच आहेस का?’ हा पुढे आला. दुसरा प्रश्न सोपा वाटतो, पण तसा तो नाही.

योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. तो शिधापत्रिका व आधार ताडून पाहतो, नोंदणी करतो. मग निदानाचे कागद पूर्वमंजुरीसाठी जातात. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून द्यायचे. अडते ते नावाच्या एका अक्षरावर, शेतात राबून झिजलेल्या अंगठ्यावर, किंवा रेंज नसल्याने न आलेल्या ओटीपीवर. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळते. वय मात्र आधारवरचे धरतात. जुन्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख तिथे अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते.

भूगोलही पडताळणीत शिरतो. आंबेगाव तालुक्याचे उपजिल्हा रुग्णालय मंचरला, तहसील घोडेगावला, आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली. मोठ्या शस्त्रक्रियेला रुग्ण पुण्याला किंवा पिंपरीला जातो. तिथे कागद अपुरा निघाला की दुरुस्तीसाठी नातेवाइकाला एसटीने घोडेगाव किंवा जुन्नर गाठावे लागते. आहुपे किंवा हातवीजच्या माणसाचा त्यात दिवस जातो, मजुरीही बुडते.

धर्मादाय रुग्णालयांची पडताळणी वेगळी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार व मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. इथे उत्पन्न मुख्य. त्याच्या पुराव्याला तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. म्हणजे जन आरोग्य योजनेतून गेलेला उत्पन्नाचा प्रश्न या दाराने परत येतो. सामाईक सातबाऱ्यावर जमीन आणि हाती हिरड्याचे चार पैसे, अशा घराचे वार्षिक उत्पन्न तलाठ्याने नेमके किती लिहावे, याला आजही चोख उत्तर नाही.

जन आरोग्य योजनेत अपात्र ठरविल्यास तक्रार १५५३८८ या क्रमांकावर करता येते. शिधापत्रिकेत नाव वाढविण्याचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायचा असतो. घरात कुणी आजारी नसतानाच तो दिलेला बरा.