आखाडा, आसन आणि कांदिवली

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा एक तरुण आमच्या भाईंदरच्या घरी फराळाला आला. करंजीला त्याने नम्रपणे नकार दिला. (चिवड्याला मात्र हा नियम लागू नव्हता!) सोमवारी वजने, मंगळवारी धावणे, बुधवारी योगासने असा त्याचा क्रम. "काका, एकाच व्यायामाला चिकटून राहायचे नाही, ही अगदी नवी पद्धत आहे," असे तो म्हणाला. मी म्हटले, "बाबा रे, चर्चगेटची गाडी धर आणि चौथ्या स्टेशनावर उतर. हा प्रयोग तिथे १९३८ साली सरकारी खर्चाने झाला आहे." त्याला ते खरे वाटेना. तेव्हा वाचकहो, ती हकीकत सांगणे आले.

गेल्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे व्यायामाची दोन जगे होती. तालमीत जोर, बैठका, जोडी, मल्लखांब आणि लाल माती. शाळेत इंग्रजी हुकमांवर हातपाय हलविण्याचे ड्रिल. तालमीला उस्ताद हवा, खुराक हवा, सवड हवी. कारकुनाच्या नि कुळाच्या पोराला ती कुठली? ड्रिलला खर्च नव्हता, पण त्यात जीवही नव्हता. परक्याचे राज्य असलेल्या देशात चार पैलवान तयार होऊन भागणार नव्हते. सामान्य घरातली मुले अंगाने धड व्हायला हवी होती. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला तो याच ध्यासाने. पुढे त्याच संस्थेची मंडळी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली.

भाईंदरवरून जाणारे हेच रूळ पुढे बडोद्याला पोहोचतात. तिथे जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी आखाड्यातल्या विद्या एकेकट्या पठ्ठ्यापुरत्या न ठेवता रांगेत उभ्या केलेल्या मुलांना देशी हुकमांवर शिकवावयास घेतल्या. त्यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण घडला. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे तो योग शिकला. एका देहात दोन गुरूंच्या दोन विद्या आल्या. हेच आपले स्वामी कुवलयानंद.

१९२४ साली स्वामींनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. नौली चालू असता पोटातला दाब मोजावा, क्ष-किरणांनी चित्रे घ्यावीत, असे त्यांचे काम चाले. योगी माणूस आणि हातात दाबमापक, हे त्या काळी दोन्ही पक्षांना विचित्र वाटले असेल! पण मला मोठी वाटते ती त्यांची एक लहानशी सूचना. आसने आणि दमछाक करणारा व्यायाम एकाला एक लागून करू नयेत; मध्ये वीसएक मिनिटे जाऊ द्यावीत. ज्याला अंगात तरतरी हवी त्याने जोर-बैठका शेवटी ठेवाव्यात, ज्याला शांतता हवी त्याने आसने शेवटी. म्हणजे दोन्ही करावे, पण त्यांचा काला करू नये. जोरांनी स्नायू राबतात, श्वास फुलतो. आसनात स्नायू सैल सोडून ताणायचे असतात. धापा टाकणाऱ्या माणसाला ते साधणार कसे?

तरीही शाळेच्या तासात बसेल असे काही हवेच होते. त्यासाठी सोपी आसने आकड्यांवर नि हुकमांवर बसवून त्यांनी १९३६ साली 'यौगिक संघ व्यायाम' सिद्ध केला. माणिकरावांची रांग आणि माधवदासजींचे आसन, दोन्ही त्यात दिसतात. १९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद स्वामींकडे गेले. तिच्या शिफारशीतून १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ; हेच गृहस्थ १९५७ साली ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. मैदानी शर्यती, देशी खेळ, लेझीम, आसने असे सगळे पोटात घेऊन कांदिवलीचे मास्तर जिल्ह्याजिल्ह्यांत गेले.

शाळांत त्याचे काय झाले? आमच्या शाळेत खेळाचा तास हटकून गणिताचे मास्तर मागून घेत, एवढेच सांगतो.

पण मिश्रणाची खरी परीक्षा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी दिली. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले तेव्हा मातीवर तयार झालेल्या या मल्लापुढे चटई आणि तिचे परके नियम होते. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना चटईचे डाव शिकविले. त्या वेळी सहावा क्रमांक लागला. गड्याने माती सोडली नाही आणि चटईचाही राग धरला नाही. चार वर्षे मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला बॅन्टमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

शेजारचा तरुण सगळे ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "काका, ती वीस मिनिटे नक्की कुठे ठेवायची? मी वजने उचलतो आणि घाम पुसायच्या आत शीर्षासनाला लागतो." मी त्याच्यापुढची चिवड्याची वाटी आधी बाजूला केली.