भाकर एक, प्याला वेगळा : ख्रिस्ती बंधुता आणि सूसाईची टपरी

१ जानेवारी १९३८ रोजी बाबासाहेब सोलापुरात भारतीय ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा सव्वादोन वर्षे झाली होती. हा माणूस आपल्या समाजाला घेऊन कोणत्या धर्मात जाणार, इकडे सगळ्याच धर्मांच्या पुढाऱ्यांचे डोळे लागले होते. त्या सभेत त्यांनी सांगितले की बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली आहे. आणि पुढे तोंडावरच सांगितले की दक्षिणेतले ख्रिस्ती लोक चर्चमध्येसुद्धा जात पाळतात, राजकारणात तुम्ही मागे आहात, आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध एक समाज म्हणून तुम्ही कधी लढला नाहीत. महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, हेही त्यांनी त्याच सभेत सांगितले. हे भाषण पुढे 'ज्ञानोदय'ने छापले. आपल्यावरची टीका आपल्याच पत्रात छापायला मन मोठे लागते, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

या भाषणाचे आज दोन तुकडे फिरतात. ख्रिस्ती मित्र बुद्ध-ख्रिस्ताचा तुकडा पाठवतात, आपली पोरे चर्चमधल्या जातीचा तुकडा पाठवतात आणि 'बघा, तिकडेही तेच' म्हणून मोकळी होतात. मला हे दोन्ही तुकडे एकत्र वाचायचे आहेत. कारण श्रम, दान आणि श्रद्धावंतांची बंधुता या तीन गोष्टींवर ख्रिस्ती धर्माने पहिल्या शतकापासून विचार केला आहे. त्या विचाराचे भारतात काय झाले, याच्याशी आजच्या आपल्या एका भूमिकेचा थेट संबंध आहे.

पौल हा ख्रिस्ती धर्माचा पहिला मोठा प्रचारक. तो तंबू तयार करणारा कारागीर होता. मंडळीकडून पोसून घेण्याचा हक्क असूनही तो स्वतःच्या हातांनी काम करून खात असे, आणि थेस्सलनीकाच्या मंडळीला त्याने तेच बजावले : काम करा, कुणावर भार होऊ नका, जो काम करायला तयार नाही त्याने आयते खाऊ नये. ग्रीक-रोमन जगात हाताचे काम हे गुलामांचे आणि हलक्या लोकांचे समजले जात होते, तिथे एक शिकलेला माणूस हे अभिमानाने लिहितो आहे. आपल्याला यात सम्यक आजीविकेची आठवण होईल. होऊ द्या, ती चुकीची नाही.

बंधुतेची कसोटी मात्र जेवणावर लागली. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी लोक जमत. खातेपिते लोक लवकर येऊन खाऊन घेत, राबणारे लोक उशिरा पोहोचत तोवर ताटे रिकामी झालेली असत. पौल यावर भयंकर चिडला. गरिबाला लाजवणारे जेवण हे प्रभूचे भोजन नव्हेच, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. ख्रिस्तात गुलाम आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, असेही त्याने लिहिले. पण अनेसिम नावाच्या गुलामाला त्याने मालकाकडे परत पाठवले, आता हा तुझा भाऊ आहे अशी चिठ्ठी बरोबर देऊन. गुलामाला भाऊ माना, इथपर्यंत तो येतो. गुलामी मोडून काढा, असे त्या चिठ्ठीत सरळ कुठे नाही. पुढच्या अठराशे वर्षांत ही फट बुजली नाही, आणि भारतात तर तिची दरी झाली.

१६०६ साली रॉबर्ट दे नोबिली मदुराईला आला. त्याने ब्राह्मण संन्याशाचा वेष घेतला, खालच्या जातीच्या ख्रिस्ती लोकांपासून अंतर राखले आणि ब्राह्मणांना सांगितले की ख्रिस्ती होण्यासाठी जानवे काढायची गरज नाही. १६२३ साली पोपनेही तशी सवलत दिली. पुढे अस्पृश्यांसाठी वेगळे पाद्री नेमले गेले. प्रॉटेस्टंट लोकांनी १७०६ साली तरंगंबाडीला मिशन सुरू केले. त्यांचे १७१८ चे चर्च आजही उभे आहे. तिथे शूद्र ख्रिस्ती आणि परैयर ख्रिस्ती यांची बसायची जागा वेगळी होती आणि प्रभुभोजनाचा प्यालासुद्धा वेगळा ठेवला जाई. ज्या भोजनात सगळे एक होतात असे शिकवायचे, त्याच भोजनात विटाळ! चवदार तळ्यावर आपल्याला जे नाकारले गेले ते आणि हे, यात मला तरी फरक दिसत नाही. तिथे निदान देवाच्या नावाने समता शिकवत नव्हते.

सगळे मिशनरी गप्प बसले असेही नाही. १८३३ साली कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन याने पत्रक काढले की चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा संपवा. तंजावर भागातल्या सवर्ण ख्रिस्ती लोकांनी मग चर्च सोडले, पण जात सोडली नाही. त्यातल्या अनेकांना नंतर लायपझिगच्या लुथरन मिशनने जवळ केले, कारण ते जातीबाबत सौम्य होते. १८५० मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेने कसोटी आणखी नेमकी केली : परैयराने शिजवलेले अन्न जो खाईल त्यानेच जात सोडली असे धरायचे. कसोटी अचूक होती, फक्त ती पास होणारे थोडे निघाले.

आता आपल्या मुलखात येऊ. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली आले आणि नगरला १८३१ साली. नगरच्या सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळेने जोतीरावांना प्रेरणा दिली, सावित्रीमाईंनी तिथे अध्यापनाचे शिक्षण घेतले, आणि १८४८ साली पुण्यात शाळा उघडली. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. हा भाग आपल्याला पाठ आहे, म्हणून पुढे जातो.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत बाप्तिस्मा घेणारे बहुतेक महार आणि मांग होते. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा त्यांना तेव्हापासून मारला जातो. पोटासाठी? मग पोट रिकामे कुणी ठेवले होते? महाराचे काम कोणते ते गाव ठरवत असे : मेलेले ढोर ओढणे, येसकरकी, निरोप पोचवणे, सरकारी कामाला रात्री-अपरात्री हाक आली की धावणे. मोबदला म्हणजे बलुते आणि दारोदार मागितलेली शिळी भाकरी. अशा माणसाला 'स्वतःच्या हातांनी काम कर, कुणावर भार होऊ नकोस' हा उपदेश काय सांगणार? तो पिढ्यान्‌पिढ्या राबतच होता. त्याच्याकडे श्रमाची वाण नव्हती, काम नाकारण्याचा हक्क नव्हता. मिशनच्या शाळेने काहींना मास्तर केले, काहींना सुतारकाम शिकवले, त्यामुळे घरे उभी राहिली. पण वतनाची व्यवस्था तशीच उभी होती. तिच्यावर घाव घातला तो बाबासाहेबांनी. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मेलेले मांस आणि मागून आणलेले तुकडे सोडा म्हणून सांगितले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले. वतन कायद्याने रद्द व्हायला त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरही काळ जावा लागला.

ख्रिस्ती मराठी साहित्यात बंधुतेची सगळ्यात प्रामाणिक नोंद मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये सापडते. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे नगरला त्यांच्याकडे आल्या तरी बराच काळ सोवळे, स्वतःचे वेगळे पाणी, वेगळी चूल सांभाळत राहिल्या. मग जात माणसाने केली आहे हे त्यांना पटले आणि कुणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. क्रम लक्षात घ्या : आधी चूल बदलली, मग धर्म. हजारो माणसांच्या बाबतीत हे उलटे झाले. धर्म बदलला आणि चूल, सोयरीक, वस्ती जुनीच राहिली. लग्न जुळवताना महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती हा भेद आठवतोच. (आपण हसू नये. बौद्ध आणि मातंग वस्तीच्या मधल्या रस्त्यावर आपण किती लग्ने लावली, ते मोजून बघा.) खुद्द रेव्हरंड टिळकांनाही मिशनचे साहेबी वळण जाचत होते. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्यांचा. दोनच वर्षांत ते गेले.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनांवर इंग्रजीत सविस्तर लिहिले आहे. ते लेखन त्यांच्या समग्र वाङ्‌मयाच्या पाचव्या खंडात आहे. त्यात दवाखाने, शाळा यांचे श्रेय ते मोकळेपणाने देतात. दोष तीन ठिकाणी दाखवतात. मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मणांच्या मागे लागून काळ घालवला. अस्पृश्य ख्रिस्ती झाला की आपले काम संपले असे मानले. आणि आदिपापाच्या शिकवणीमुळे दुःखाचे कारण समाजात नसून आपल्याच पापात आहे, असे धर्मांतरिताच्या मनावर बिंबले. तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. स्वतःला पापी समजणारा माणूस दान घेतो, आभार मानतो आणि हक्क मागायला उठत नाही. सोलापुरात 'तुम्ही लढला नाहीत' असे बाबासाहेब म्हणाले, त्याची ही दुसरी बाजू आहे.

इथवर वाचून कुणी खूश झाला असेल तर त्याने सूसाईची गोष्ट ऐकावी. सूसाई हा मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा चर्मकार, मूळचा आदि-द्रविड, धर्माने ख्रिस्ती. रस्त्यावर बसणाऱ्या अनुसूचित जातीच्या चर्मकारांना सरकारने एका योजनेत फुकट टपऱ्या दिल्या. त्याच्यासारखेच काम करणाऱ्या हिंदू चर्मकारांना टपरी मिळाली, याला मिळाली नाही. कारण राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश : हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले होते, ख्रिस्ती आले नव्हते. सूसाई सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये हरला. न्यायालय म्हणाले, धर्मांतरानंतर जात उरते एवढे दाखवून भागणार नाही. ख्रिस्ती समाजातही त्या जातीमुळे तितक्याच तीव्रतेने सोसावे लागते हे सिद्ध करा.

म्हणजे पौलाने सांगितले तसे स्वतःच्या हातांनी काम करून खाणाऱ्या माणसाने, एक टपरी मिळावी म्हणून, आपल्या चर्चची बंधुता खोटी ठरली याचा पुरावा आणायचा. आणि तो पुरावा तरंगंबाडीच्या बाकांवर आणि प्याल्यांत अडीचशे वर्षांपूर्वीचा पडलेला होता.

आता आपल्याकडे या. धर्मांतरित बौद्धांना महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये सवलती दिल्या, पण केंद्राच्या आदेशात आपण आलो ते १९९० साली. मधली तीस-चौतीस वर्षे आपल्यालाही हेच ऐकवले गेले : बौद्ध धर्मात जात नाही, मग तुम्ही अनुसूचित कसे? आपण उत्तर दिले की धर्म बदलला म्हणून गावकुसाबाहेरचे घर आत गेले नाही. हे उत्तर दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम देतात तेव्हा मात्र आपल्यातले काही कार्यकर्ते वाटेकरी वाढतील म्हणून विरोधात उभे राहतात. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा असे सुचवले होते. २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला.

वाट्याची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. जागा कमी आहेत, खासगीकरणाने आणखी कमी होत आहेत आणि रिक्त पदे भरली जात नाहीत. पण मग भांडण कुणाशी करायचे? लोकसंख्या वाढली तर टक्का वाढवा, ही मागणी दोघांनी मिळून करता येते. आणि 'त्यांचे चर्च श्रीमंत आहे, त्यांना दान मिळते' हा युक्तिवाद करणाऱ्यांनी सोलापूरचे भाषण पुन्हा वाचावे. दानाने हक्काची जागा भरत नाही, हे बाबासाहेब ख्रिस्ती लोकांनाच सांगत होते. धम्मदीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी आपल्याकडे प्रत्येकाच्या मिळकतीचा विसावा भाग मागितला, तो धम्मकार्यासाठी. त्या पैशाने शाळा निघतील, विहार उभे राहतील. सूसाईची टपरी त्यातून निघणार नाही, ती सरकारच्या यादीतूनच निघेल.

पुढच्या वेळी तुमच्या ग्रुपवर चर्चमधल्या जातीचा तो तुकडा आला, तर त्याच्याखाली शिष्यवृत्तीचे वाक्यही टाका. ते त्याच भाषणात आहे.